सोलापुरात गुप्तहेर बाईचा थरारपट करायचाय?

आधी कायदा पक्का करा. आपल्याकडे खासगी गुप्तहेराला पोलिसांसारखे अधिकार नाहीत, आणि कुणाचे कॉल रेकॉर्ड परस्पर मिळवणं बेकायदेशीर आहे. बऱ्याच पटकथा इथेच घसरतात: नायिका एक फोन लावते आणि यादी हातात! तिला पाठलाग, पावत्या आणि टपरीवरच्या गप्पांवर काम करू द्या. खरा थरार त्यातच आहे.

तिचं समलिंगी असणं शेवटचा धक्का म्हणून अजिबात वापरू नका. पहिल्या पाच मिनिटांतच सहज दिसू दे. ती उशिरा घरी येते. जोडीदारीण काही न विचारता तिच्या ताटात कडक भाकरी मोडते, वर शेंगाचटणी आणि दही घालते. एवढं पुरतं. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे नातं गुन्हा नाही, पण घरमालकाची, माहेरची भीती आहेच. ब्लॅकमेल करणाऱ्याने अटकेची नाही, या भीतीची धमकी द्यावी.

यंत्रमागाच्या शेडमध्ये माग सुरू असताना संवाद घेऊ नका, ते खडखडाटात बुडतात. मागाचा आवाज दोन मिनिटं वेगळा रेकॉर्ड करा, माग थांबवून संवाद घ्या, नंतर दोन्ही जोडा. ट्यूबलाइट लुकलुकू नये म्हणून कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या, गर्दीतला पाठलाग करायचा तर नायिकेला ठळक रंगाची ओढणी द्या, नाहीतर लांबच्या शॉटमध्ये ती हरवते.