वायबीसीओ फिल्मचा टीसी पडलाय? ऑक्सिजनच्या या चुका टाळा

राजेहो, वायबीसीओ म्हणजे इट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइडचा सुपरकंडक्टर, आणि टीसी म्हणजे ज्या तापमानाखाली त्याचा रेझिस्टन्स शून्य होतो ते. फिल्म मस्त काळी चकचकीत आली, एक्सआरडीत (एक्स-रेनं क्रिस्टल तपासतात त्यात) सगळे पीक दिसले, आणि लिक्विड नायट्रोजनमध्ये सोडली तर रेझिस्टन्स शून्यावर यायलाच तयार नाही, हे नागपुरात आमच्या लॅबमध्ये मी कितीदा तरी पाहिलंय. सगळे आधी टार्गेटला, म्हणजे ज्या गोळीतून फिल्मचा माल येतो तिला, दोष देतात. मी आधी विचारतो, फिल्म थंड कशी केली?

कारण 750-800 अंशाला फिल्म बनते तेव्हा तिच्यात ऑक्सिजन कमीच असतो, खरा ऑक्सिजन आत शिरतो तो थंड होताना, 500 ते 400 अंशांच्या टप्प्यात, तेव्हा कॉपर-ऑक्सिजनच्या साखळ्या भरतात आणि त्या साखळ्यांमुळेच शेजारच्या कॉपर-ऑक्सिजनच्या प्लेनला (सपाट थरांना) होल, म्हणजे वीज वाहणारे धन वाहक, मिळतात. एका इट्रियममागे ऑक्सिजनचे अणू सरासरी 6.9 च्या वर असतील तर टीसी 90 केल्विनच्या आसपास, 6.6 ला 60 च्या आसपास, आणि साधारण 6.35 च्या खाली काहीच नाही. नायट्रोजन उकळतो 77 ला, म्हणजे 60 वाली फिल्म त्यात कितीही वेळ बुडवून ठेवा, उपयोग नाही.

मे महिन्यात एकदा डिपॉझिशन (फिल्म चढवणं) संपलं आणि चेंबरमध्ये ऑक्सिजन भरायच्या आतच लाइट गेली, हीटर बंद, फिल्म तशीच भराभर थंड झाली. टीसी आला 58. पोरं फेकायला निघाली होती, मी थांबवलं, ट्यूब फर्नेसमध्ये वाहत्या ऑक्सिजनमध्ये 500 अंशाला तासभर ठेवली आणि सावकाश खाली आणली, दुसऱ्या दिवशी नायट्रोजनमध्येच शून्य!

सिल्व्हरचे कॉन्टॅक्ट पक्के करायला फिल्म व्हॅक्यूममध्ये तापवू नका, भरलेला ऑक्सिजन परत निघून जातो, ऑक्सिजनमध्येच तापवा.

एक्सआरडीत पीक आहे का एवढंच बघू नका, कुठं आहे ते बघा. ऑक्सिजन कमी झाला की सी-अक्ष (क्रिस्टलच्या एका घराची उभी लांबी) 11.68 वरून 11.82 अँगस्ट्रॉमकडे लांबतो, आणि कॉपर ट्यूबच्या एक्स-रेला 005 चा (त्याच उभ्या दिशेच्या थरांचा) पीक 38.5 वरून 38 अंशाकडे सरकतो. सबस्ट्रेटच्या ताणानंही थोडं सरकतं, म्हणून सबस्ट्रेटचा पीक धरूनच मोजा.

आणि हेच डोकं निओडिमियम-सेरियमवाल्या कॉपर-ऑक्साइड फिल्मला लावू नका बरं, तिथं उलट थोडा ऑक्सिजन काढावा लागतो तेव्हाच ती सुपरकंडक्टर होते.

पावसाळ्यात फिल्म टेबलावर उघडी नको, ओलाव्यानं बेरियम खराब होतं आणि ते कितीही ऑक्सिजन देऊन सुधरत नाही, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्येच ठेवा.