जुने जोडफोटो घ्यायचेत? आधी दोन्हीतला फरक शोधा

एकाच माणसाचे दोन सारखे फोटो शेजारी चिकटवलेलं जुनं पुठ्ठ्याचं कार्ड हाताला लागलं तर डबल प्रिंट समजून परत ठेवू नका, ते बहुतेक स्टिरिओ कार्ड असतं. एक फोटो डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. भिंगांच्या व्ह्यूअरमधून बघितलं की माणूस मागच्या पडद्यापासून सुटा होऊन समोर बसलेला दिसतो, हाताच्या शिरासुद्धा दिसतात. इंग्लिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टननं हे तत्त्व 1838 मध्ये मांडलं, आणि 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरचा भिंगांचा व्ह्यूअर घरोघरी गेला.

निसर्ग, देवळं, शहरं यांची कार्डं भरपूर मिळतात, पण स्टुडिओत बसवून काढलेले माणसांचे जोडफोटो कमी, म्हणून किंमत चढते आणि फसवणूकही तिथेच होते. कुणीतरी साधा एकच फोटो दोनदा छापून चिकटवतो आणि स्टिरिओ म्हणून विकतो. यावर उपाय सोपा आहे, खिशात छोटी मोजपट्टी ठेवा. मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक कार्ड मिळालं, खुर्चीत बसलेली बाई, मागे पडद्याचा गोंडा. उजव्या फोटोत गोंडा कानापासून चांगला लांब, डाव्यात कानाला अगदी टेकलेला. म्हणजे कॅमेरा खरोखर दोन जागांवरून बघत होता. नाकाच्या टोकापासून मागच्या एखाद्या खुणेपर्यंतचं अंतर दोन्हीत मोजा, तंतोतंत सारखं आलं तर एकच फोटो दोनदा चिकटवलाय, ते स्टिरिओ नव्हे, कितीही जुनं असो सोडून द्या. आणि डाव्या फोटोत जवळची वस्तू मागच्याच्या मानाने उजवीकडे सरकलेली हवी, उलट असेल तर फोटोंची अदलाबदल झालीय, व्ह्यूअरमध्ये नाक आत गेल्यासारखं दिसतं. पोर्ट्रेटमध्ये अजून एक गंमत, काही ठिकाणी एकच कॅमेरा सरकवून दोन फोटो काढायचे, मधल्या वेळात माणूस जरा हलला तर बोटं जुळत नाहीत. मला असली कार्डं आवडतात, पण पूर्ण भाव देऊ नका.

वय ओळखायचं तर आधी पुठ्ठा बघा. साधारण साडेतीन बाय सात इंच असतो. सपाट आणि चौकोनी कोपऱ्यांचा असेल तर जुना असायची शक्यता जास्त, गोल कोपरे 1860 च्या दशकाच्या शेवटी आले, आणि बाकदार पुठ्ठा 1880 च्या आसपास. मग भिंग लावून बघा, छोटे छोटे ठिपके दिसले तर ते छापील चित्र आहे, फोटो नव्हे, आणि ते 1900 च्या आसपासचं. खरा अल्ब्युमिन प्रिंट, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा जुना फोटो, पिवळसर तपकिरी असतो, पातळ कागद, थोडी चकाकी. गालावर हाताने लावलेला गुलाबी रंग दिसला तर तो पुसायचा प्रयत्नसुद्धा करू नका. मागची पेन्सिलची अक्षरं, स्टुडिओचा शिक्का, फाटकं लेबल हे सगळं कार्डाचाच भाग, विक्रेता "साफ करून देतो" म्हणाला तर नको सांगा.

चांदीच्या आरशासारख्या पत्र्यावरचा, म्हणजे डॅगरोटाइप, जोडफोटो मिळाला तर काचेखालून काढायचा नाही, कापूससुद्धा लावायचा नाही, पुसला की चेहराच जातो.

आता आपल्या गोव्यातला खरा प्रॉब्लेम, पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमटपणा इतका की पुठ्ठा वाकतो, बुरशी धरते आणि कसर लागते. लॅमिनेशन नको, पीव्हीसीची प्लॅस्टिक पाकिटं नको, पॉलिएस्टरची घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत उभी ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात तर मुळीच नको. बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर ते कार्ड लगेच वेगळं करा, हवेशीर सावलीत नीट सुकू द्या, मग मऊ ब्रशने हलकेच झाडा, ओलं फडकं आणि थेट ऊन दोन्ही टाळा. चवथीची साफसफाई निघते तेव्हा हा डबापण उघडून बघा, सिलिका जेलचा रंग बदललेला असेल तर त्याच दिवशी नवीन टाका.