पोटदुखी : घरी थांबून कधी पाहावे आणि दवाखान्यात लगेच कधी जावे

पोटात दुखू लागले की घरात कोणीतरी ‘पित्त झाले असेल’ किंवा ‘गॅस धरला असेल’ असे म्हणते, ओवा-हिंग पुढे येतो आणि बहुतेक वेळा थोड्या वेळात बरेही वाटते. धोका उरलेल्या थोड्या वेळांचा असतो, कारण एकदा दुखण्याला नाव मिळाले की त्याकडे कोणी नीट पाहत नाही. म्हणून औषधाआधी घड्याळ पाहावे. दुखणे किती वाजता सुरू झाले, पहिल्यांदा नेमके कुठे होते, आता कुठे आहे आणि सोबत ताप, उलटी, घाम किंवा जुलाब यांपैकी काय आहे, एवढे कागदावर लिहून ठेवावे. आधी ठणठणीत असलेल्या माणसाचे पोट अचानक जोरात दुखू लागले आणि सहा तासांनंतरही ते थांबले नाही, तर ते साधे अपचन मानू नये.

अपेंडिक्सची सूज दुखण्याची जागा बदलण्यावरून ओळखू येते. बहुतेकदा आधी अन्नावरची वासना जाते, मग बेंबीभोवती मंद दुखू लागते, मळमळते, एखादी उलटी होते आणि काही तासांनी दुखणे उजव्या बाजूला खाली येऊन तिथेच ठाण मांडते; खोकताना, चालताना किंवा रस्त्यातल्या खड्ड्यात रिक्षा आदळली की ते वाढते. आपल्याकडे अशा वेळी ‘बेंबी सरकली’ म्हणून तेल लावून पोट चोळून घेण्याची किंवा पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. या दोन्ही गोष्टी कृपा करून टाळाव्यात. सुजलेले अपेंडिक्स फुटले तर पू पोटात पसरतो आणि जी शस्त्रक्रिया साधी झाली असती ती जिवावरची होते. लहान मुले आणि वृद्ध यांच्यात ही लक्षणे इतकी ठळक नसतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अधिक लवकर निघावे. पोट फळीसारखे कडक होणे, किंवा पोट फुगून उलट्या होत असताना शौचही नाही आणि वायूही सरत नाही अशी स्थिती येणे, यांत तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये.

बेंबीच्या वरचे दुखणे अधिक फसवे असते. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढणारी, आंबट पाणी घशाशी आणणारी जळजळ बहुधा आम्लपित्ताची असते. परंतु छातीच्या खालच्या भागात दडपण येऊन दरदरून घाम सुटला, दम लागला, किंवा दुखणे जबडा, खांदा वा हाताकडे गेले, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेही व्यक्तींमध्ये, स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्ये तो नुसत्या मळमळीच्या आणि अस्वस्थतेच्या रूपानेही येतो. अँटासिड घेऊन जरा बरे वाटले, एवढ्यावरून हृदय ठीक आहे असे ठरत नाही. महाराष्ट्रात असाल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजी काढून घ्यावा. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून पाठीकडे जाणारी कळ पित्ताशयातील खड्यांची असू शकते. तिच्यासोबत थंडी-ताप किंवा डोळ्यांना पिवळेपणा आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जुलाबांमध्ये माणूस दगावतो तो बहुतांशी शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली, सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. तेच पाणी आज ओआरएसच्या पाकिटात मिळते. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात संपूर्ण पावडर एकदम मिसळावी आणि उरलेले द्रावण २४ तासांनी टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. मूल उलटी करत असेल तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे; अंगावरचे दूध आणि नेहमीचा हलका आहार बंद करू नये. रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, सहा-आठ तासांत लघवी नाही, मूल निपचित पडले किंवा काहीच पोटात ठरत नाही, अशा वेळी घरचा उपाय संपला असे समजावे. शौचात रक्त किंवा सोबत ताप असेल तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, आणि लहान मुलांना तर ती मुळीच देऊ नये.

डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच जठरातील रक्तस्रावाची खूण असते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हा बदल दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लाल रक्ताला मूळव्याध म्हणून सोडून देण्याची सवयही तितकीच घातक आहे. कारण नसताना वजन उतरणे, घास अडकणे, रक्त कमी होणे, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलून ती तशीच राहणे, यांत रात्री धावपळ करण्याची गरज नसते. मात्र त्या आठवड्यातच तपासणी ठरवावी. कर्करोग लवकर सापडला तर उपचारांना खरोखर वाव असतो.

गर्भवती स्त्रीला कावीळ झाली तर झाडपाल्याच्या औषधात एकही दिवस घालवू नये, कारण हेपेटायटिस ई ही विषाणूमुळे होणारी कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ येऊन चक्कर आली तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत राहिल्याची शक्यता असते, तेव्हा तिला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. निघताना वेळांची नोंद केलेला कागद आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत, आणि शस्त्रक्रियेची शक्यता वाटत असेल तर वाटेत रुग्णाला चहा-बिस्किटेही देऊ नयेत.