आधी ‘थांबा’ शिकवा: ऑटिझम असलेल्या मुलासोबत वर्गात काम करताना

मी फिरती विशेष शिक्षिका. राहते कळव्याला, आठवड्यातले तीन दिवस दिघ्याच्या एका शाळेत, दोन दिवस घणसोलीच्या. दोन्ही मराठी माध्यमाच्या, वर्गात चाळीस-बेचाळीस पोरं आणि एक पंखा कायम बंद. वर्गशिक्षक मला विचारतात, ‘बिहेविअर थेरपी (वागणं बदलायची उपचारपद्धत) वर्गात करायची कशी?’ पुष्कळदा त्यांच्या मनात असतं, ‘ह्याला गप्प बसवायचं कसं?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मूल वर्गात सुखाने टिकावं, शिकावं आणि त्याला नको असेल तेव्हा ‘नको’ म्हणता यावं, एवढ्यासाठी काय करता येतं ते सांगते.

ऑटिझम असलेल्या ज्या मुलाबद्दल बोलणार आहे त्याला त्याची आजी ‘राजा’ म्हणते. मीही इथे तेच म्हणते. दुसरीत आला तेव्हा एका वेळी दोन-तीन शब्दच बोलायचा, पण ठाण्यापासून वाशीपर्यंतची स्टेशनं क्रमाने पाठ. (ऑटिझमसाठी वापरतात तो ‘स्वमग्न’ हा शब्द मला म्हणूनच पटत नाही. रेल्वेच्या बाबतीत तो स्वतःत मग्न मुळीच नव्हता.)

आधी माझी चूक. राजा खूश झाला की दोन्ही हात फडफडवायचा. मी ‘हात खाली’ शिकवलं. हात बाकावर ठेवले की चिक्कीचा तुकडा. तीन आठवड्यांत फडफड थांबली, मी स्टाफरूममध्ये मिरवलंसुद्धा. मग एक दिवस शाळा सुटताना आईने गेटवर त्याची बोटं माझ्यासमोर धरली. ‘बाई, हे बघा.’ नखांभोवतीची कातडी सोलून काढलेली होती. फडफड गेली नव्हती, बाकाखाली लपली होती.

बक्षीस देऊन सवय मोडायची ही युक्ती मी शोधलेली नव्हती. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी १९८७ मध्ये ऑटिझम असलेल्या १९ मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. आठवड्याला चाळीस तास शिकवणं, आणि त्यातली ९ मुलं साध्या पहिलीच्या वर्गात गेली. त्या पद्धतीत जोरात ‘नाही!’ ओरडणं आणि मांडीवर चापट मारणंही बसत होतं; त्याआधी, १९६०च्या दशकात, त्यांनी विजेचे झटकेही वापरून पाहिले होते. आज चांगले थेरपिस्ट या वाटेला जात नाहीत. पण ‘चारचौघांसारखं दिसलं पाहिजे’ हे उद्दिष्ट कित्येकांच्या डोक्यात अजून ठाण मांडून आहे. माझ्याही होतं.

म्हणून एखादी सवय बदलायला घेण्याआधी स्वतःला विचारा, याचा त्रास नक्की कोणाला होतो? कोणाला इजा होते का? त्याच्या स्वतःच्या शिकण्याच्या आड येतं का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर हात लावू नका. फडफडणं, डुलणं, डोळ्याला डोळा न देणं, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणं, सगळं राहू द्या. साहेब तपासणीला आल्यावर वर्ग कसा दिसेल, हा त्रास तुमचा आहे, मुलाचा नाही.

मनगट चावणं मात्र राहू देता येत नाही. राजा चावायचा, वळ उठेपर्यंत. त्यासाठी शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. घड्याळातली वेळ लिहायचीच. ‘चिडला’, ‘हट्ट केला’, ‘नाटक केलं’ असले शब्द वहीत बंद. ‘डावं मनगट चावलं, वीस सेकंद’ असं लिहायचं. वर्गशिक्षिकेचं ठाम मत होतं की तो लक्ष वेधून घ्यायला करतो. दहा शाळेच्या दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ मधल्या सुट्टीच्या आधीच्या पंधरा मिनिटांतल्या. त्या वेळी व्हरांड्यात खिचडीची स्टीलची ताटं फरशीवर आपटत मांडली जायची, बरोबर त्याच्या खिडकीखाली. आम्ही ताटांच्या जागी दोन गोणपाटं अंथरली, त्याचा बाक भिंतीच्या बाजूला नेला आणि त्याला पाच मिनिटं आधी जेवायला सोडलं. चावणं एकदम शून्यावर आलं नाही, पण पुढच्या दहा दिवसांत तीनच नोंदी झाल्या. त्याला काहीच ‘शिकवलं’ नव्हतं. बदलला होता तो व्हरांडा.

मुलं असं वागतात त्यामागे साधारण चार कारणं सापडतात: काहीतरी टाळायचं असतं, काहीतरी हवं असतं, कोणाचं लक्ष हवं असतं, किंवा शरीरालाच ते हवं अथवा नकोसं वाटत असतं. दोन मुलं एकाच तऱ्हेने बाकाखाली जातील, कारणं दोन निघतील. आणि काही वेळा कारण या चारांत बसवण्याआधी भिंतीकडे बघावं लागतं. राजा एकदा तक्त्यासमोर बसून अर्धा तास रडला. काही केल्या समजेना. तक्ता होता ठाणे-वाशी मार्गाचा, जुना. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, ते त्यात नव्हतं. मी स्केचपेनने ठाणे आणि ऐरोलीच्या मधे ‘दिघा गाव’ लिहिलं. रडणं थांबलं.

आता ‘थांबा’. सगळ्यात आधी शिकवायची गोष्ट ही. गणिताच्याही आधी, ‘नमस्ते बाई’च्याही आधी. ज्या मुलाला ‘पुरे’ म्हणता येत नाही ते चावून सांगतं. १९८५ मध्ये कार आणि ड्युरंड या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की वागण्यातून जे मागितलं जातंय तेच मागायची सोपी रीत मुलाला दिली की ते वागणं कमी होतं. आम्ही लाल हाताचं चित्र लॅमिनेट करून बाकाच्या कडेला वेल्क्रोने लावलं. वेल्क्रो ठाण्याच्या जांभळी नाक्याला मीटरवर मिळतो.

शिकवायचं असं. काम त्याला जरासं जड जायला लागलं, म्हणजे श्वास वाढला, पेन्सिल घट्ट धरली, की लगेच कार्डाकडे बोट दाखवायचं. त्याचा हात धरून ओढायचा नाही; हवं तर तुमचा तळवा त्याच्या तळव्याखाली द्यायचा. कार्ड हातात आलं की तीन सेकंदांच्या आत काम बाजूला. दोन मिनिटं सुट्टी, खिडकीजवळच्या चटईवर. ही चटई शिक्षेसाठी कधीही वापरायची नाही, एकदाही नाही. आरडाओरडा सुरू झाल्यावर कार्ड शिकवायला जाऊ नका, तेव्हा काहीच शिकलं जात नाही.

‘मग तो दिवसभर कार्डच देत बसेल!’ हो, देईल. पहिल्या आठवड्यात राजाने एका दिवसात चौदा वेळा दिलं. आम्ही चौदाही वेळा थांबलो. तो बघत होता की हे खरंच चालतं का. तिसऱ्या आठवड्यात पाच-सहावर आला. मगच ‘अजून एक ओळ, मग थांबू’ सुरू केलं, आणि ती ओळ एकच ठेवली. कार्ड काढून घेणं ही शिक्षा होऊ शकत नाही. कोणाचं तोंड बांधतात का?

बक्षिसाबद्दल थोडक्यात. डबा, पाणी, मधली सुट्टी, खेळाचा तास, लघवीला जाणं यांतलं काहीही अटीवर द्यायचं नाही. चिक्कीही बंद केली. राजाच्या बाकावर ‘आधी–मग’ची पट्टी असते: आधी तीन बेरजा, मग पनवेलकडच्या स्टेशनांची यादी. त्याची आवड त्याच्याच कामाला लावली, तिच्यावर टाळं लावून नाही.

आणि कधी कधी सगळं करूनही मूल कोसळतं, स्वतःवरचा ताबा सुटतो. तेव्हा कमी बोला. एकच माणूस जवळ, बाकी पोरांना बाहेर काढा. त्याला फरफटत नेण्यापेक्षा हे सोपं पडतं. डोकं आपटत असेल तर मधे दप्तर किंवा उशी सरकवा. दाबून धरू नका. मारणं आणि मानसिक छळ शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने सगळ्याच मुलांसाठी बंद केलाय. अंधाऱ्या खोलीत कोंडणंही त्यातच येतं. मोबाइल खिशात ठेवा. कोसळणाऱ्या पोराचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकलेला मी पाहिलाय. आईचं बोलणं ऐकवत नव्हतं.

वर्गातली पोरं विचारतातच, ‘बाई, त्यालाच का?’ मी भाषण तयार ठेवलं होतं, पण एका मुलीने विचारलं, ‘मलापण मिळेल का कार्ड?’ दिलं. मग पाच जणांनी मागितलं. आता त्या वर्गात सात कार्डं आहेत, आणि राजाकडे कोणी वळूनही बघत नाही.

पालकांची लेखी संमती हवीच, पण मुलाची रोजची संमती वेगळी. मूल तोंडाने सरळ ‘नाही’ म्हणणार नाही, पण मला बघून दाराकडे पळत असेल तर ते ‘नाही’च. बाहेरचा थेरपिस्ट किंवा मदतनीस बाई ठेवणार असाल तर विचारा: मूल नाही म्हणालं तर तुम्ही काय करता? मी तासाला बसू शकते का? विशेष शिक्षक असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? ‘सहा महिन्यांत नॉर्मल करतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. नवी मुंबईतल्यांनी वाशीला महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे चौकशी जरूर करावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्वतंत्र नोंदला गेलाय, त्यामुळे शाळेत वेगळी सोय मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

दोन आठवडे वहीत फरक दिसला नाही तर मुलाला दोष देऊ नका; वागण्यामागचं कारण आपणच चुकीचं हेरलंय. पहिल्या रकान्यापासून पुन्हा वाचा. आणि एप्रिलमध्ये पुढच्या वर्गशिक्षिकेसाठी एकच पान लिहून ठेवा: कोणता आवाज सोसत नाही, कशाने हसतो, ‘थांबा’ कसं म्हणतो, कशाला हात लावायचा नाही. पानामागे दोन जादा कार्डं चिकटवून द्या. पहिलं कार्ड जून संपायच्या आत हरवतंच.