मुलांना घेऊन गळ टाकायला जाताना : इंदूरकरांसाठी

गळ टाकायला कुठे जावं, असं इंदुरात कुणाला विचारलं की तो आधी सांगतो, मासे कुठे जास्त लागतात. मुलं बरोबर असतील तर प्रश्नच बदला : काठ कुठे चांगला आहे? सहा वर्षांच्या मुलाला बोटभर तिलापियाही पुरते. पण पाय घसरला तर दिवस तिथेच संपतो.

आधी तारीख पाहा. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंद ऋतू असतो. मासे तेव्हा अंडी घालतात आणि मासेमारीला मनाई असते. त्यानंतरही मी घाई करत नाही. आपली माळव्याची काळी माती पावसानंतर महिनाभर तरी साबणासारखी निसरडी असते आणि चपलेला चिकटून पाय जड करते. दिवाळीच्या सुमारास काठ घट्ट होतो, तेव्हा निघावं. कडाक्याच्या थंडीत रोहू, कटला फारसे खात नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा मजा येते.

आता जागा. खंडवा रोडनं सिमरोल मागे टाकून चोरल धरणाकडे जा. तिथे पर्यटन विभागाचं रिसॉर्ट आहे, त्यामुळे चहा-नाश्ता आणि स्वच्छतागृह मिळतं. आजी-आजोबा बरोबर असले की हे फार मोलाचं. बोटी लागतात ती बाजू सोडा. उतार सौम्य आहे आणि पाण्यात बुडालेली झुडपं नाहीत, असा काठ शोधा. लांब काठी पाण्यात घालून खोली बघा : काठापासून दोन हातांवर मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ती जागा सोडा, दुसरी शोधा. धरणाच्या भिंतीजवळ आणि पाणी सोडतात त्या बाजूला अजिबात बसू नका.

तलावांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे पट्ट्यानं, म्हणजे भाडेकरारानं, असते. म्हणून काठावर जो दादा जाळं सुकवत असेल त्याला आधी रामराम करा आणि विचारा, "भैया, यहाँ काँटा डाल सकते हैं?" तो नाही म्हणाला तर नाही. हो म्हणाला, तर कुठे बसायचं तेही बहुतेक तोच दाखवेल.

सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. तिथे गळ नको, दुर्बीण न्या. यशवंतसागरला सारस दिसले तर मुलं मासे विसरतील. महेश्वरला तर घाटावर लोक नर्मदेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. तिथे आपणही गोळ्याच घालाव्यात, गळाशिवाय.

साहित्य थोडंच लागतं. आठ-नऊ फुटांचा हलका बांबू, त्याच्याच लांबीची नायलॉनची दोरी, बुचाचा तुकडा, शिशाचा एक मणी आणि दहा ते बारा नंबरचा लहान गळ. रीळ नको, मुलांच्या हातात तिचा गुंताच होतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. मासा सुटण्याची शक्यता थोडी वाढते, पण बोटात गेला तर गळ सहज निघतो. काटा न दाबलेला गळ रुतला तर ओढू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

आमिष घरीच मळा. कणकेत भाजलेलं बेसन आणि चिमूटभर गूळ घालून पुरीपेक्षा घट्ट गोळा करा. खरी युक्ती कापसाची : मळतानाच त्याचे चार-सहा धागे घाला, म्हणजे गोळी पाण्यात लगेच विरघळत नाही. मटाराएवढीच गोळी लावा.

बसल्यावर थोडी कणीक कुस्करून पाण्यात टाका आणि दहा मिनिटं थांबा. मग मुलाच्या मागे उभं राहून, त्याच्या हातावर आपला हात ठेवून, दोरी झुलवत पुढे सोडा. डोक्यावरून फिरवू देऊ नका. बूच थरथरलं की मासा नुसता चाखतोय. ते तिरकं सरकलं किंवा खाली गेलं, की मनगटानं हलका झटका द्यायचा. एका काठीमागे एक मोठा माणूस, हा नियम मोडू नका. मोठ्यांनी त्या वेळात फोन खिशातच ठेवावा.

मासा आला की आधी हात ओले करा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडला तरी तो आजारी पडतो. मोठे खवले आणि जाड ओठ दिसले तर तो महाशीर असू शकतो. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. 2011 पासून तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नद्यांमधून फार कमी झाला आहे. फोटोसाठीही पाण्याबाहेर ठेवू नका. पाण्यातच गळ काढा आणि तो स्वतःहून निघेपर्यंत हलक्या हातानं धरा.

निघताना दोरीचे तुकडे वेचून घरी न्या, बगळ्यांच्या पायांत ते अडकतात. डबीतले गळ मोजा. आणताना सहा होते तर सहाच परत जायला हवेत. एक कमी भरला, तर मुलांना गाडीत बसवून मोठ्यांनी गवत विंचरून काढायचं.