नव्या गाडीचे स्टिअरिंग शंभरच्या वेगाला का थरथरते?

नवी गाडी शहरात लोण्यासारखी चालते आणि पहिल्यांदा द्रुतगती मार्गावर नेली की नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते, हा अनुभव वाटतो तितका विरळा नाही. माझ्या गाडीचे ५०० किलोमीटरही झाले नव्हते. पनवेल सोडल्यावर सपाट पट्ट्यात काटा ९५ वर गेला की स्टिअरिंग तळहातात गुणगुणल्यासारखे हलू लागे आणि ८५ वर आले की शांत होई. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळाले, “नवी गाडी आहे, हजार किलोमीटर झाले की बसेल.” चाकाचा असमतोल, म्हणजे त्याची एक बाजू दुसरीपेक्षा जड असणे, चालवून चालवून ‘बसत’ नाही, तेव्हा या उत्तरावर समाधान मानू नये.

मात्र वर्कशॉपमध्ये जाण्यापूर्वी थरथर नेमकी केव्हा होते आणि केव्हा होत नाही, हे आपण स्वतः ठरवलेले बरे. पहिला संशय रस्त्याचा घ्यावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना ठरावीक अंतराने धप-धप जाणवते आणि पृष्ठभागावरच्या बारीक खाचांमुळे घुं-घुं असा आवाज येतो. त्यात गाडीचा दोष नसतो. गुळगुळीत डांबरी पट्ट्यावर त्याच वेगाला थरथर कायम राहिली, तरच पुढे जावे. वेगमर्यादा पाळूनच ही पाहणी करावी आणि आकडे टिपण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे.

दुसरी चाचणी इंजिनाला वगळण्याची. मोकळ्या रस्त्यावर ९५ चा वेग पाचव्या गिअरमध्ये धरावा आणि मग तोच वेग चौथ्यात धरून पाहावा. इंजिनाचे फेरे बदलले, पण चाकांचे तेवढेच राहिले. थरथर जशीच्या तशी राहिली तर ती चाकांकडून येते. बदलली तर इंजिन किंवा त्याचे माउंटिंग (त्याला धरून ठेवणारे आधार) तपासायला सांगावे. केवळ अ‍ॅक्सिलरेटर दाबताना हादरे बसत असतील आणि पाय काढताच थांबत असतील, तर ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे, सांधे पाहावे लागतात. केवळ ब्रेक लावताना स्टिअरिंग हलत असेल तर ब्रेक डिस्क. आवाज एका बाजूला वळताना वाढत असेल तर बेअरिंग.

थरथर हातात जाणवते की सीटखाली, हेही पाहावे. ढोबळमानाने हातात जाणवली तर पुढची चाके, बैठकीत आणि पायाखाली जाणवली तर मागची. हा नियम दर वेळी खरा ठरत नाही, म्हणून पुढची चाके मागे व मागची पुढे लावून पुन्हा फेरी मारावी. थरथर हातातून बैठकीत सरकली, तर दोष चाकासोबतच हलला असे समजावे. या अदलाबदलीत स्टेपनी घेऊ नये, कारण अनेक गाड्यांत ती आकाराने लहान असते आणि तिची वेगमर्यादा ८० असते.

आता एक गोष्ट घरीच बघता येते, ती म्हणजे टायरमधली हवा. कारखान्यातून निघालेल्या आणि यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीत हवा कधी कधी शिफारशीपेक्षा बरीच जास्त असते; चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवरचा आकडा बघून, टायर थंड असताना ती नीट करावी. त्याच यार्डात महिनोन्‌महिने एका जागी उभे राहिल्याने टायर तळाशी किंचित चपटतो. अशी थरथर सकाळी जास्त असते आणि टायर तापला की कमी होत जाते. वीस-तीस किलोमीटरनंतर ती नाहीशी होत असेल तर घाबरायचे कारण नाही. नसेल तर टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचावा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. ‘नव्या’ गाडीचे खरे वय कधी कधी तिथेच कळते.

माझ्या बाबतीत हवा बरोबर होती. मग चाक काढायला लावले. डाव्या पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचा चौकोनी ठसा होता, आजूबाजूला काळपट धूळ आणि तेवढीच जागा स्वच्छ, चिकट. चाकाचा समतोल साधण्यासाठी तिथे चिकटवलेले शिशासारखे वजन गळून गेले होते. चाक फिरवून असमतोल मोजणाऱ्या बॅलन्सिंग यंत्राने आतल्या बाजूला ३५ ग्रॅमची तूट दाखवली. आकडा क्षुल्लक वाटतो, पण चाकाचा परीघ साधारण २ मीटर धरला तर १०० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ १४ फेरे घेते आणि रिमच्या काठावरचे ते ३५ ग्रॅम प्रत्येक फेऱ्यात सुमारे ५ किलोच्या जोराने चाकाला हिसका देतात. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ५० ला तो पावपट असतो आणि शहरात काहीच कळत नाही. वेग आणखी वाढवला की थरथर कधी कधी कमी झाल्यासारखी वाटते, कारण सस्पेन्शनच्या स्वाभाविक कंपनांशी तिचा मेळ सुटतो; दोष मात्र तिथेच असतो.

बॅलन्सिंग करताना समोर उभे राहावे. जुनी वजने आधी काढायला लावावीत आणि रिममधला वाळलेला चिखल खरवडायला सांगावे. यंत्रावर शून्य आल्यावर चाक यंत्राच्या शाफ्टवरून सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगावे आणि यंत्र परत चालवायला लावावे. आता वेगळाच आकडा आला, तर चाक शाफ्टवर नीट मध्यावर बसलेले नाही आणि आधीचे शून्य खोटे होते. टायरवाला जरा वैतागतो, पण या एका तपासणीने दोनदा जाणे वाचते.

सर्व चाके खरोखर शून्यावर असूनही थरथर राहिली, तर चाक गोल आहे का ते पाहावे लागते. जॅकवर उचललेले चाक सावकाश फिरवत डायल गेज (बारीक वरखालीपणा मोजणारे काट्याचे मापक) लावले की रिम वाकडी आहे की टायर, हे कळते. टायर एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वरखाली होत असेल तर बॅलन्सिंगचा उपयोग नाही. टायरवर तांबडा ठिपका असेल तर तो त्याची सर्वात ताठ किंवा उंच जागा दाखवतो, आणि टायर रिमवर फिरवून बसवल्याने कधी कधी काम भागते. अलाइनमेंटने, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, मात्र थरथर जात नाही. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर तिरपे झिजतात.

सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार नोंदवण्याच्या कागदावर, ‘व्हायब्रेशन’ एवढेच लिहू देऊ नये. ‘डांबरी रस्त्यावर ९५ ते १०५ च्या दरम्यान, स्टिअरिंगमध्ये, चौथ्या-पाचव्या दोन्ही गिअरमध्ये सारखीच, ब्रेक न लावता’ असे लिहून घ्यावे आणि तंत्रज्ञाला शेजारी बसवून त्याच वेगाला फेरी मारावी. सर्व्हिस सेंटरमागच्या गल्लीत चाळीसच्या वेगाने दोष सापडत नाही. टायरची वॉरंटी बहुधा टायर कंपनीची असते, गाडी कंपनीची नव्हे, त्यामुळे टायर दोषी निघाला तर तपासणीचा लेखी अहवाल मागावा. टाळाटाळ होत राहिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे तारखांसह जॉब कार्डच्या प्रती उपयोगी पडतात.

चाके काढून बसवली असतील, तर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने आवळले आहेत ना हे विचारावे आणि ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासून घ्यावेत.