पोटदुखीचा पेशंट तपासताना या चुका टाळा

गेली 22 वर्षं मी बेळगावात पोटाच्या शस्त्रक्रिया करते. दर वर्षी नवे इंटर्न येतात, नवे हाउसमन, म्हणजे वॉर्डात राहणारे शिकाऊ डॉक्टर, येतात, आणि दर वर्षी त्याच चुका पुन्हा माझ्यासमोर येतात. सोनोग्राफी हाताशी आहे, सीटी आहे, रक्ताचे रिपोर्ट तासाभरात मिळतात, तरी चुका तिथेच आहेत. पेशंटला नीट विचारलेलं नसतं, नीट उघडं करून पाहिलेलं नसतं, आणि एकदा पाहिल्यावर पुन्हा जाऊन हात लावलेला नसतो.

जांघ न पाहणं

ही चूक माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली आहे, म्हणून आधी हीच सांगते.

जुलै महिना होता. जांबोटीकडे पाऊस नुसता कोसळत होता. तिकडच्या एका गावातून सत्तरीच्या आजी आल्या. नऊवारी लुगडं, ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. तीन दिवस उलट्या. त्याआधी एका दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावून घरी पाठवलं होतं, चिठ्ठीवर निदान ‘गॅस्ट्रो’. आमच्या हाउसमननं तेच केसपेपरवर उतरवून काढलं. रात्री मी फोनवर विचारलं, “पोट कसं आहे?” तो म्हणाला, “मॅडम, मऊ आहे, थोडं फुगलंय.” मी म्हणाले, सलाईन चालू ठेव, नाकातून नळी घाल, सकाळी बघते. ही चूक माझी. जुलाब होताहेत का, वारा सरतोय का, हे दोन प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवे होते. उलट्या आहेत, पोट फुगतंय, जुलाब एकही नाही आणि वाराही सरत नाही, याला गॅस्ट्रो म्हणत नाहीत.

सकाळी गेले तेव्हा नळीतून तपकिरी, घाण वासाचं पाणी येत होतं. एक्स-रेत आतड्यात पाण्याच्या पायऱ्या दिसत होत्या. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण नव्हता, म्हणजे जुन्या ऑपरेशनमुळे आतडं चिकटून अडलं असेल असं नव्हतं. व्रण नाही आणि आतडं अडलंय, असं दिसलं की पहिल्यांदा जांघ बघायची. सिस्टरना बोलावलं, पडदा ओढला, आजींना समजावून सांगितलं आणि काष्टा सोडायला लावला. उजव्या जांघेत सुपारीएवढी टणक गाठ, वरची कातडी किंचित लाल.

“आजी, ही कधीपासून आहे?”

“ती हाय की लई दिसांपास्नं. कोण इचारलंच न्हाई.”

तीन दिवसांत दोन दवाखाने झाले, चार डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, आणि काष्ट्याच्या आत कुणीच पाहिलं नव्हतं.

हा फिमोरल हर्निया. जांघेतल्या लिगामेंटच्या, म्हणजे ताठ पट्ट्याच्या, खाली, मांडीच्या मोठ्या शिरेच्या आतल्या अंगाला एक अरुंद वाट असते. तिच्या कडा ताठ असतात, त्यामुळे आतडं आत शिरलं की गळा आवळल्यासारखं होतं आणि रक्त बंद पडतं. पुरुषांपेक्षा बायकांत, त्यातही वय झालेल्या बायकांत, हा जास्त दिसतो. गाठ लहान असते, दुखतेच असं नाही, आणि खोकल्यावर हाताला धक्का जाणवेलच असंही नाही. कधी कधी आतड्याची फक्त एक कड अडकते. मग शौचाला होत राहतं, सगळे निर्धास्त असतात, आणि तेवढी कड आत मरत असते.

ऑपरेशन थिएटरमध्ये आतडं सोडवलं तेव्हा सात-आठ सेंटिमीटरचा भाग काळाजांभळा झालेला होता. गरम सलाईनच्या पॅडमध्ये गुंडाळून दहा मिनिटं थांबले. रंग परतला नाही, आतडं हललं नाही, रक्तवाहिनीत ठोका लागला नाही. तेवढा भाग कापून टोकं जोडली. आजी वाचल्या, पण जखमेत पू झाला आणि 17 दिवस दवाखान्यात काढावे लागले. पहिल्या दिवशी कुणी गाठ पाहिली असती, तर आतडं तसंच आत सरकवून हर्निया शिवला असता आणि त्या तीन-चार दिवसांत घरी गेल्या असत्या.

तेव्हापासून माझ्या युनिटमध्ये पोटदुखी किंवा उलटीच्या प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर ‘दोन्ही जांघा पाहिल्या’ असं लिहिलेलं लागतं. नसेल तर मी सही करत नाही. पोट तपासणं म्हणजे छातीपासून मांडीपर्यंत पाहणं. पोरं लाजतात, घाई असल्याचं सांगतात. शेजारी सिस्टर असल्या आणि दोन वाक्यांत नीट सांगितलं, तर एकही आजी मला आजवर नाही म्हणालेली नाही. आणि गाठ लाल, टणक, दुखरी असेल तर ती जोर लावून आत ढकलू नका. मेलेलं आतडं पोटात ढकलून तुम्ही पेशंटला घरी पाठवाल.

एका भाषेत विचारून दुसऱ्या भाषेतलं उत्तर लिहिणं

आपल्या वॉर्डात पेशंट मराठी, सिस्टर कन्नड आणि डॉक्टर आणखी तिसऱ्याच मुलखातला, हे रोजचं आहे. त्यात वाईट काही नाही, पण प्रश्न जपून विचारावा लागतो. निपाणीकडचा एक तरुण साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. सकाळी त्याला विचारलं गेलं, “ऊटा माडीरेनु?” तो म्हणाला, “इल्ल.” लिहिलं गेलं, ‘उपाशी’. टेबलावर घ्यायच्या आधी मी सवयीनं मराठीत विचारलं, “सकाळपासून तोंडात काय काय गेलं?” तो म्हणाला, “काही नाही मॅडम, फक्त पोहे आणि चहा.” तो खोटं बोलला नव्हता. ऊटा म्हणजे जेवण, आणि जेवला तो नव्हताच. भूल दिल्यावर ते पोहे वर येऊन फुप्फुसात गेले असते तर साध्या ऑपरेशनमध्ये एक धडधाकट पोरगा जीवानिशी गेला असता. खाल्ल्यावर 6 तास, नुसतं पाणी प्यायल्यावर 2 तास, आणि दुधाचा चहा खाण्यातच धरायचा. ‘उपाशी आहात का’ असं विचारूच नका. काय काय गेलं, ते एकेक वदवून घ्या.

‘पित्त’ हा शब्दही तसाच. आपल्याकडे छातीतली जळजळ पित्त, उलटी पित्त, अर्धशिशी पित्त, अंगावरच्या गांध्याही पित्त. पित्ताशयात खडे असलेली बाई पित्त झालंय म्हणते आणि सहा महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात बसते. तिला म्हणा, बोट ठेवून दाखवा. बोट उजव्या बरगडीखाली गेलं, दुखणं पाठीत किंवा खांद्याकडे जातं असं ती म्हणाली, रात्रीच्या तेलकट जेवणानंतर उठतं म्हणाली, तर सोनोग्राफी करा. आणि लिंबाचा रस व तेल पिऊन खडे पाडून दाखवणाऱ्यांच्या नादी कुणाला लागू देऊ नका. शौचातून पडतात ते हिरवट गोळे त्या तेलाचेच आतड्यात झालेले साबण असतात. पित्ताशयातले खडे जागेवरच राहतात.

सोनोग्राफीच्या कागदावर झोपणं

‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असं रिपोर्टवर आलं की नवा डॉक्टर सुटकेचा श्वास टाकतो. दिसलं नाही म्हणजे दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आतड्यात गॅस असेल, पेशंट जाड असेल, अपेंडिक्स मागे वळलेलं असेल, तर चांगल्या रेडिओलॉजिस्टलाही ते सापडत नाही. 1886 मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराला अपेंडिसायटिस हे नाव दिलं, 1889 मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन मॅकबर्नी यांनी दुखण्याची नेमकी जागा सांगितली, आणि तेव्हा एक्स-रेचाही शोध लागलेला नव्हता. बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं काही तासांनी उजवीकडे खाली जातं, जेवण जात नाही, मळमळतं, मग बारीक ताप. ही क्रमवार गोष्ट पेशंटच्या तोंडून ऐका. 1986 चा अल्व्हारॅडो स्कोअर, म्हणजे लक्षणं, तपासणी आणि रक्ताचे रिपोर्ट यांना गुण देऊन केलेली अपेंडिसायटिसची बेरीज, मांडा, 10 पैकी 7 किंवा जास्त आला तर सर्जनला उठवा. मधला आला तर ठेवून घ्या आणि चार तासांनी पुन्हा तपासा. पुन्हा तपासणारा हात तोच हवा. शिफ्ट बदलली म्हणून दुसऱ्यानं तपासलं तर दुखणं वाढलंय की कमी झालंय ते कळत नाही. मी स्वतः रात्री दोन वाजता त्यासाठी वॉर्डात जाते.

न लिहिलेलं इंजेक्शन

वेदनाशामक दिलं तर निदान बिघडतं, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. कळवळणाऱ्या माणसाला औषध जरूर द्या. माझा राग आहे तो कमरेत सुई टोचून, काय दिलं ते कुठेही न लिहिता, पेशंटला घरी धाडण्यावर. दुखणं दबतं, घरचे निश्चिंत होतात. अपेंडिक्स फुटलं तरी ताण सुटल्यामुळे काही तास बरं वाटू शकतं, आणि पोटभर पू झाल्यावर पेशंट आपल्या दारात येतो.

बाकीच्या थोडक्यात. मूल होण्याच्या वयातली बाई पोटदुखीनं आली की लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट आधी. चाळिशीपुढचा माणूस बेंबीच्या वर दुखतंय म्हणाला की ईसीजी, दुखणं हृदयाचंही असू शकतं. अल्सर फुटल्याची शंका असेल तर छातीचा एक्स-रे उभं करून किंवा बसवून, आडवा काढलेला एक्स-रे पोटात सुटलेली हवा नीट दाखवत नाही. मधुमेह असलेल्या म्हाताऱ्यांचं पोट फारसं दुखत नाही, त्यांच्या नाडीवर विश्वास ठेवा. कळवळून लोळणाऱ्यापेक्षा हलायला घाबरून निपचित पडलेल्याची मला जास्त काळजी वाटते.

आणि पुढे पाठवताना चिठ्ठी नीट लिहा. निपाणीचा पेशंट कोल्हापूरला जाईल, अथणीचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला किंवा गोव्याला. तिथल्या डॉक्टरला तुमचा फोन लागेलच असं नाही. दुखणं कधी सुरू झालं, शेवटची उलटी, शेवटचा सरलेला वारा, शेवटची लघवी, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, तोंडात शेवटचं काय गेलं, आणि जांघेत काय सापडलं, हे सगळं वेळेसकट त्यात हवं. चिठ्ठी नातेवाइकांच्या पिशवीत टाकू नका. ती पेशंटच्या हातात द्या किंवा सलाईनच्या बाटलीला चिकटपट्टीनं लावा.